कल्याण–कर्जत मार्गावरचे विखुरलेले विद्यापीठ

अंबरनाथ तालुक्यातल्या जांभूळ गावाचे नाव लोकलच्या गर्दीत सहसा कानावर पडत नाही, कारण त्या नावाचे स्टेशन नाही. पण बारवी धरणातून सोडलेले पाणी उल्हास नदीत येते, आपटी बंधाऱ्याजवळ उचलले जाते आणि एमआयडीसीच्या जांभूळ जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचते. तुरटी, गाळ बसवण्याचे हौद, वाळूचे थर, क्लोरिन अशा पायऱ्या उतरून ते उल्हासनगरला आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात जाते. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरच्या काही भागांनाही मिळते. उल्हासनगरच्या कॉलेजात दोन तासांमधल्या सुट्टीत बाटली भरून घेणारी मुलगी जे पाणी पिते, त्याचा बराचसा प्रवास जांभूळवरून झालेला असतो. हे तिला सहसा कोणी सांगत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात क्लोरिन असतो, जलशुद्धीकरणावर प्रश्नही येतो. केंद्र मात्र कॉलेजपासून जवळ असून अभ्यासक्रमाबाहेर राहते.

या लेखाचा विषय महाविद्यालयांतले आरोग्य आणि तिथल्या प्राध्यापकांचे ज्ञान हा आहे. या भागात त्याची सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते.

कल्याणहून कर्जतकडे जाणारी गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड अशी थांबत जाते. हा लोहमार्ग १८५६ पासूनचा आहे. पुढे घाट चढला की लोणावळा. कल्याण ते लोणावळा हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आत-बाहेर. या एका रुळावर उल्हासनगरची जुनी महाविद्यालये आहेत, अंबरनाथ-बदलापूरची नवी महाविद्यालये आहेत, कर्जतला भातावर शंभर वर्षांहून जास्त काळ काम करणारे संशोधन केंद्र आहे आणि लोणावळ्याला योगाची शास्त्रीय तपासणी जिथे सुरू झाली ती संस्था आहे. कल्याणला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्रही आहे. पाणी, अन्न, श्वास आणि मन या चारही गोष्टींचे जाणकार एकाच लोकलच्या टप्प्यात राहतात. एखाद्या मोठ्या विद्यापीठात हे विभाग शेजारशेजारच्या इमारतींत असते आणि दुपारच्या चहाला त्यांची माणसे भेटली असती. इथे ती रोज एकमेकांना ओलांडून जातात.

छावणीतले कॉलेज

उल्हासनगरची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण या पट्ट्यातले उच्च शिक्षण तिथल्या विस्थापितांच्या जिद्दीतून उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित त्या बराकींत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. कॅम्प एक ते पाच ही नावे मात्र आजही पत्त्यांत टिकून आहेत.

त्याच वर्षी मुंबईत हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापन झाले. सिंधमधल्या हैदराबादला १९२२ पासून चाललेले नॅशनल कॉलेज फाळणीत मागे राहिले होते. प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवानी यांनी ते काम मुंबईत नव्याने उभे केले. याच बोर्डाने १९६५ मध्ये उल्हासनगरात चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केले. लोक त्याला सीएचएम म्हणतात. घरदार गमावलेल्या लोकांनी पोटापाण्याची घडी पुरती बसलेली नसताना कॉलेज काढले, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी कळली पाहिजे.

या शहराच्या मधून वालधुनी वाहते. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात ती उगम पावते, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या शिवमंदिराला स्पर्श करते, अंबरनाथच्या कारखान्यांजवळून आणि उल्हासनगरच्या वस्तीतून जात कल्याणजवळ उल्हासला मिळते. मंदिरापाशी जिच्या काठी महाशिवरात्रीला जत्रा भरते, तीच नदी पुढे रसायनांचा आणि सांडपाण्याचा नाला होते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधले रसायन तिच्या पात्रात सोडले गेले आणि पहाटे उल्हासनगरात वायू पसरला. डोळे चुरचुरणे, श्वास कोंडणे, उलट्या अशा तक्रारींनी शेकडो माणसे रुग्णालयांत गेली. जीन्स रंगवण्या-धुण्याच्या कारखान्यांचे पाणीही वर्षानुवर्षे याच पात्रात जात होते.

अशा शहरातल्या कॉलेजात ‘आरोग्य सप्ताह’ साजरा होतो तेव्हा त्यात वालधुनी असायलाच हवी. प्रदूषित नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, रासायनिक आणि जैविक प्राणवायूची मागणी किती, जड धातू कोणते, हे शोधण्याचे प्रशिक्षण रसायनशास्त्राचा प्राध्यापक पदव्युत्तर वर्षातच घेतो. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून भरणाऱ्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन संमेलनात महाराष्ट्रभरचे विद्यार्थी असे प्रकल्प मांडतात. त्यांतल्या चांगल्या प्रकल्पाची एक प्रत महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि एक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली, तर कॉलेजचे ज्ञान शहराच्या कामी येईल. आज ती प्रत बहुतेक वेळा मूल्यांकन समितीसाठीच्या फायलीत लागते. नॅकच्या भेटीसाठी जपलेल्या कागदाला नदीकाठी राहणाऱ्यांच्या हाती जाण्याचाही हक्क आहे.

हिमोग्लोबिनच्या चिठ्ठीनंतर

महाविद्यालयांत सगळ्यांत नियमित होणारा आरोग्य कार्यक्रम म्हणजे हिमोग्लोबिन तपासणी. महिला विकास कक्ष, राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आणि जवळचे रुग्णालय मिळून तो घेतात. वर्गाबाहेर रांग लागते, बोटाला सुई टोचते, चिठ्ठीवर आकडा येतो. गर्भवती नसलेल्या स्त्रीमध्ये डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली आकडा आला की रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे रांगेतल्या दोघींपैकी एकीच्या चिठ्ठीवर कमी आकडा येणार, हे तपासणीआधीच गृहीत धरता येते.

मग नवल तपासणीचे नाही, त्यानंतर काय होते याचे आहे. चिठ्ठी दप्तरात जाते. तीन महिन्यांनी त्याच मुलीची पुन्हा तपासणी व्हावी, ही साधी गोष्ट घडत नाही, कारण कार्यक्रमाचा अहवाल पहिल्या दिवशीच पूर्ण होतो.

या मुलींचा दिवस समजून घेतला तर कारणे दिसतात. सकाळच्या सत्राचे कॉलेज सातच्या सुमारास भरते. वांगणी-शेलूकडून येणारी मुलगी पहाटे पाचला उठते, उपाशीपोटी गाडी पकडते आणि पहिले अन्न म्हणून कँटीनचा वडापाव आणि चहा घेते. चहातली टॅनिन अन्नातले लोह नीट शोषू देत नाहीत. जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर लोह जास्त शोषले जाते. पाच मिनिटांत सांगता येणारी ही गोष्ट आहे. ती डॉक्टरांच्या भाषणात सापडण्यापेक्षा कँटीनच्या फळीवर दिसली तर जास्त उपयोगाची. नाचणीची भाकरी, भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाण्याचा लाडू विकणारे एखादे टेबल स्थानिक बचतगटाने मांडले, तर आरोग्य सप्ताहातली सगळी भाषणे त्या एका टेबलावर येतील.

अन्नाचे ज्ञान याच रुळावर, कर्जतला आहे. तिथले भात संशोधन केंद्र १९१९ मध्ये सुरू झाले. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाल्यावर ते त्या विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र बनले. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही भाताची वाणे, ‘सह्याद्री’ हा संकरित भात ही तिथल्या शास्त्रज्ञांची कामगिरी. कोकणातल्या शेतकऱ्याच्या तोंडी ही नावे असतात, पण कर्जत लोकलने रोज त्या स्टेशनवर उतरणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलाला ती परकी वाटतात. त्याच्या घरी शिजणाऱ्या तांदळाचे वाण कदाचित तिथूनच आले असेल.

जांभळाचेही तसेच. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पालघरच्या बहाडोलीच्या जांभळालाही मिळाले आहे, आणि दापोली विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ नावाचे जांभळाचे वाण प्रसृत केले आहे. उन्हाळ्याच्या शेवटी बदलापूर स्टेशनबाहेर पळसाच्या पानांवर जांभळे मांडून बसणाऱ्या बायकांचा माल किती तास टिकतो, तो टिकवायला काय करता येईल, हा वनस्पतिशास्त्राच्या, सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि वाणिज्य विभागाच्या मुलांनी मिळून सोडवावा असा प्रश्न आहे. इमारती वाढत गेल्या तशी झाडे कमी झाली. मानांकन मिळालेले फळ आणि तोडले जाणारे झाड ही विसंगती या गावांनी वेळीच पाहिली पाहिजे.

एक्स-रेसमोर बसलेला योगी

२१ जूनला प्रत्येक महाविद्यालयात चटया अंथरल्या जातात. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला मात्र त्याची एक जवळची पूर्वकथा आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे.

जगन्नाथ गणेश गुणे हे खान्देशातल्या अमळनेरला शिकवणारे प्राध्यापक. बडोद्याच्या माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले. पण शिकवणाऱ्या माणसाचा स्वभाव असा की नुसत्या श्रद्धेवर त्यांचे समाधान होईना. नौली करताना पोटात नेमके काय होते, प्राणायामात रक्तदाबाचे काय होते, हे पाहण्यासाठी त्यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या रुग्णालयात एक्स-रे आणि दाबमापक यंत्रांच्या मदतीने प्रयोग केले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक निघू लागले. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते. पुढे त्याच आवारात योगाचे महाविद्यालयही सुरू झाले.

त्यांनी घालून दिलेली रीत आज कॉलेजांना सहज पाळता येईल. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, जीवशास्त्राचा प्राध्यापक आणि संख्याशास्त्र शिकवणारा एक जण एकत्र आले, तर सत्रभर प्राणायाम करणाऱ्या चाळीस मुलांची नाडी, श्वासाचा दर, झोपेचे तास यांची नोंद ठेवता येते. न करणाऱ्या चाळीस जणांशी तुलना करता येते. निष्कर्ष काहीही निघो, मुलांना स्वतःच्या शरीराकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहण्याची सवय लागेल. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाचा जो आराखडा आला, त्यात सहअभ्यासक्रमात आरोग्य आणि निरामयता, योगशिक्षण, क्रीडा, एनएसएस, एनसीसी यांना श्रेयांक आहेत. क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसंपर्क यांनाही आहेत. म्हणजे या कामासाठी वेळ कुठून काढायचा हा जुना प्रश्न आता उरलेला नाही. वेळ अभ्यासक्रमानेच दिला आहे.

ऐकणारे माणूस

मनाच्या आरोग्याबद्दल बोलताना आकडे टाळता येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यांत वर होता. २५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. या पट्ट्यातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत विद्यार्थी हजारोंनी मोजले जातात. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. तो क्रमांक ओळखपत्राच्या मागच्या बाजूस छापायला खर्च येत नाही.

पण घाबरलेला मुलगा पहिल्यांदा दूरध्वनी उचलत नाही. तो वर्ग सुटल्यावर एखाद्या सर-मॅडमच्या टेबलाशी उगाच रेंगाळतो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांची दुखरी नस इथे आहे. पूर्णवेळ पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या म्हणजे सीएचबी प्राध्यापकांवर आला. त्यांतले कितीतरी नेट-सेट उत्तीर्ण, पीएचडी झालेले. तासाला मानधन घेऊन ते एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतात. सत्र संपले की नेमणूक संपते, आणि जूनमध्ये पुन्हा तेच शिक्षक येतील याची खात्री नसते. ज्या मॅडमला विद्यार्थिनीने घरातला त्रास सांगितला, त्या पुढच्या वर्षी तिथे नसतील, तर तिने पुन्हा कुणापाशी मन मोकळे करावे? प्राध्यापकांची भरती हा अर्थखात्याचा विषय मानला जातो. विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे कुठलेही धोरण त्यावाचून अपुरेच राहील, असे इथे ठामपणे म्हणावे लागते.

सुरक्षिततेबद्दल बदलापूरला कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेतल्या लहानग्या मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण पुढे आले. २० ऑगस्टला पालक आणि नागरिक रुळांवर उतरले आणि गाड्या कित्येक तास बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तक्रार सांगायला गेलेल्या पालकांचे वेळेवर ऐकले गेले नाही, हा त्या संतापाचा गाभा होता. महाविद्यालयांत अंतर्गत तक्रार समिती लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे, बसण्याची जागा आणि वेळ पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असावी.

शिबिर कधी भरवायचे?

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी इतकी ती सुरुवात होती. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे, दोन वर्षांत एकदा सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे. अंबरनाथ, मुरबाड, कर्जत तालुक्यांतली गावे दत्तक घेऊन शहरांतली महाविद्यालये ही शिबिरे भरवतात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी पथनाट्य हा ठरलेला दिवस. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर घातलेला वनराई बंधारा ही या शिबिरांची खास खूण. ज्या मुलाने आयुष्यात फावडे धरलेले नसते त्याच्या हाताला तिसऱ्या दिवशी घट्टे पडतात, आणि त्याच दिवसापासून तो गावातल्या लोकांशी नीट बोलू लागतो.

ही गावे नुसती घेणारी नसतात, द्यायलाही त्यांच्याकडे पुष्कळ असते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजाराच्या वर प्रवासी होते. नौदल आणि एनडीआरएफ पोहोचले, बोटी आल्या, हेलिकॉप्टर आले, आणि त्यांच्याबरोबर चामटोलीचे गावकरी पाण्यात उतरून माणसे बाहेर काढत होते. राज्यातल्या एनएसएस स्वयंसेवकांसाठी ‘आव्हान’ नावाचे आपत्ती व्यवस्थापनाचे राज्यस्तरीय शिबिर भरते. तिथे शिकवायला चामटोलीच्या लोकांना बोलावले तर उल्हासचे पाणी किती वेळात चढते, कुठून उतरते, हे पुस्तकाबाहेरचे ज्ञान मुलांना मिळेल.

पाण्याच्या कामालाही शिबिरात जागा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक जलसुरक्षक असतो, तो विहिरीत आणि टाकीत टीसीएल ही क्लोरिनची पावडर टाकतो. पाणीपुरवठ्याच्या पाहणीवरून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. नळाच्या टोकाशी पाण्यात शिल्लक क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो, आणि तो ओटी टेस्टने मिनिटभरात कळतो. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकासह चार मुले सात दिवस वेगवेगळ्या पाड्यांवर ही चाचणी करत फिरली, तर जलसुरक्षकाला कुठे पाणी चुकते आहे याचा नकाशाच मिळेल. त्याच मुलांनी आधी जांभूळचे केंद्र पाहिलेले असले, तर शहराला मिळणारे पाणी आणि पाड्याला मिळणारे पाणी यांतला फरक त्यांना कोणी समजावून सांगावा लागणार नाही. बारवीची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातली गावे-पाडे पाण्याखाली गेली आणि प्रकल्पग्रस्तांना नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, तोही या धड्याचाच भाग आहे.

शिबिराच्या वेळेबद्दल मात्र फेरविचार हवा. परीक्षांच्या सोयीने शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. या भागातल्या कातकरी वाड्यांवरची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. रक्तक्षय, कुपोषण, शाळागळती यांचा भार तिच्यावर मोठा. आरोग्य तपासणी घेऊन मुले वाडीवर पोहोचतात तेव्हा दारे बंद असतात, उरलेली म्हातारी माणसे तपासली जातात आणि ज्या बायका-मुलांसाठी सगळे करायचे ती भट्टीवर विटा थापत असतात. शिबिराचे दोन भाग केले तर हे टळू शकेल. चार दिवस भातकापणीआधी, सप्टेंबरच्या शेवटी वाडीवर. तीन दिवस जानेवारीत थेट भट्टीवर, भट्टीमालक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना आधी विश्वासात घेऊन. पहिल्या भेटीत ज्या बाईचे हिमोग्लोबिन मोजले तिचेच दुसऱ्या भेटीत पुन्हा मोजता येईल. त्यासाठी कार्यक्रम अधिकाऱ्याने विद्यापीठाच्या एनएसएस विभागाकडे प्रस्ताव जूनमध्ये द्यायला हवा, कर्जतच्या केंद्रातला एक शास्त्रज्ञ आणि मानसशास्त्र विभागातली एक प्राध्यापिका त्या चार दिवसांसाठी मोकळी ठेवायला हवी, आणि सप्टेंबरच्या अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक ठरवताना प्राचार्यांच्या टेबलावर वाड्यांच्या स्थलांतराचे वेळापत्रकही असायला हवे.